त्या उन्हाळ्यातला ढावलो

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या मुलांना पुढची वाट सांगायचं काम माझ्याकडे आलं ते मी त्यातली मोठी जाणकार म्हणून नव्हे. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी ‘करिअर मार्गदर्शन कोण बघेल?’ असं विचारलं, तेव्हा बाकीचे सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मी तेवढी वेळापत्रकावरून भांडायच्या तयारीत प्राचार्यांकडे टक लावून बसले होते. काम माझ्या गळ्यात पडलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. जीवशास्त्र शिकवायचं, प्रॅक्टिकल घ्यायचे आणि जानेवारी लागला की एकेका पोराला समोर बसवून विचारायचं, बाबू, पुढं काय?

उत्तरं ठरलेली असतात. पोरं म्हणतात पोलीस भरती. त्यातली निम्मी सकाळी रस्त्यानं पळताना दिसतात आणि बाकीची त्यांना मोटरसायकलवरून ओरडून दम देतात. मुली काहीच म्हणत नाहीत, ओढणीचं टोक बघत बसतात. बापाला बोलावलं तर तो म्हणतो, ‘मॅडम, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कुठं चिकटवून देता काय याले?’ जसं काही एमआयडीसी माझ्या सासऱ्यांची आहे. एकदा शहरातून एक व्याख्याते आणले होते. त्यांनी पडद्यावर गरुड दाखवला, मोठी स्वप्नं बघा म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली. पोरं खूश झाली, कारण पुढचा तासही बुडाला. त्यानंतर मी कुणाला आणलं नाही. कॉलेज सुटलं की प्रयोगशाळेत बसते, ज्याला यायचं तो येतो. सीईटी कधी आहे, जात पडताळणीसाठी आजोबांचा कुठला कागद शोधायचा, होस्टेल कुठं मिळतं, इतकं सांगते. वरून रागावते. सांगण्यापेक्षा रागावणंच जास्त होतं, हे मला माझ्या घरचेही सांगतात.

ही आठवण ज्या मुलीची आहे, ती फुलसावंगीच्या रस्त्याला फाट्यापासून आत असलेल्या एका तांड्यावरची. आमच्या वर्गातली बरीचशी मुलं बंजाऱ्यांच्या तांड्यांवरूनच येतात. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर हिंडायचे, ही आता कापूस-सोयाबीन पिकवणारी माणसं. ती मुलगी प्रयोगशाळेत पहिल्यांदा आली तेव्हा बाकीच्या मुलींसारखी ओढणी बघत बसली नाही. दारातूनच म्हणाली, ‘मॅडम, मले नर्सिंग कराचं हाये.’

‘काहून?’ मी विचारलं. हा माझा नेहमीचा प्रश्न. यावर सहसा कुणाला उत्तर देता येत नाही.

‘आमच्याकडच्या बाया दवाखान्यात जातच नाही. गेल्या तरी काय होते ते सांगत नाही. लाजते. मी असली तर मले सांगतीन.’

इतकं सरळ उत्तर मला त्या वर्षी कुणी दिलं नव्हतं. मी तिला बसायला स्टूल दिलं. त्या दिवसापासून ती रोज यायची. परीक्षेचा अभ्यास, मग नर्सिंगच्या सीईटीचा अभ्यास, आणि मधून मधून माझ्या बोलण्याची नक्कलही. तिला वाटायचं मला दिसत नाही.

पालकांच्या सभेला तिची आई आली होती. बारीक चणीची बाई, हातात पांढऱ्या बांगड्या, शेवटच्या बाकावर पदर लपेटून बसलेली. सगळं संपल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला. ‘मॅडम, तिकडं होस्टेलात पोरगी बिमार पडली तर कोन पाह्यते?’

‘ताई, ते नर्सिंगचं कॉलेज हाये,’ मी म्हटलं. ‘तिकडं पाहणाऱ्याच पाहणाऱ्या हायेत.’

सगळा वर्ग हसला. तीही हसली, पदर तोंडाला लावून. मुलगी मात्र चिडली, आईनं आपलं हसं केलं म्हणून. त्या वयात आई जे करेल त्याची लाजच वाटते.

परीक्षा झाली. सीईटीही झाली. मे महिना होता आणि आमच्याकडचा मे म्हणजे सांगायला नको. दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. अशा उन्हात ती मुलगी माझ्या दारात उभी राहिली. तोंड लाल झालेलं, चप्पल हातात, कारण चपलेचा अंगठा तुटला होता. पाणी दिलं तर घेतलं नाही.

‘मॅडम, माय मले ढावलो शिकवून राह्यली.’

ढावलो म्हणजे काय, ते मला इतकी वर्षं तांड्यावरच्या लग्नांना जाऊन माहीत झालं होतं. लग्न लागून मुलगी सासरी निघाली की ती एकेकीच्या गळ्यात हात टाकते आणि रडते, पण नुसती रडत नाही. सुरात रडते, शब्दांत रडते. आईसाठी वेगळे शब्द, भावासाठी वेगळे, मैत्रिणीसाठी वेगळे. हे काही आपोआप येत नाही. लग्न ठरलं की घरातल्या बायका नवरीला जवळ घेऊन बसतात आणि शिकवतात. म्हणून तांड्यावर एखाद्या घरातून भरदुपारी ढावल्याचा सूर यायला लागला की कुणी विचारत नाही. लोक समजून जातात, या घरची पोरगी आता जाणार.

‘लगन ठरलं तुहं?’

‘मले कोनी काही सांगत नाही. पन ढावलो उगीच कोनी शिकवते का, मॅडम?’

माझा राग असा आहे की तो आधी येतो आणि मी मागून. स्कूटी काढली, तिला मागं बसवलं आणि त्याच उन्हात तांड्यावर गेले. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. सीईटी दिली ती काय गंमत म्हणून दिली? पोरीचं वय काय? मी काय रिकामटेकडी आहे? मुलीला तिच्या मैत्रिणीच्या घरी सोडलं आणि एकटीच तिच्या घराकडे वळले.

दारात पोचले तर आतून सूर येत होता. तिची आई एकटीच म्हणत होती. पोरगी घरात नाही हे तिला ठाऊक असणारच. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, अगदी हळू. मी उंबऱ्याशी थांबले. भांडायला आले होते, पण मध्ये तोडता येईना. मला बंजाऱ्यांची गोरबोली येत नाही. आईला याडी म्हणतात, मुलीला छोरी म्हणतात, इतकंच येतं. त्यामुळे याडी हा शब्द तेवढा पुन्हा पुन्हा कळत होता, बाकी सगळा सूर होता. वर चढायचा आणि एका ठिकाणी एकदम उतरायचा.

मला बघून ती गप्प झाली. ‘या न मॅडम. एवढ्या उन्हाच्या आल्या.’

‘ताई, पोरगी नर्सिंगले जाऊन राह्यली न? मंग हे कायले सुरू केलं?’ मी उभ्यानंच सुरुवात केली आणि रस्ताभर जुळवलेली सगळी वाक्यं ओतली. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर तिनं दार लोटलं, कडी लावली आणि माझ्यासमोर येऊन पदर आणि चोळी बाजूला केली.

मी जीवशास्त्र शिकवते. मला सांगावं लागलं नाही. छातीच्या डाव्या बाजूला कातडी ओढली गेली होती, गाठ वरूनच दिसत होती आणि तिच्यावर जखम झाली होती. किती दिवस तिनं हे झाकून ठेवलं असेल, मी विचारलं नाही. यवतमाळला दाखवलं होतं, नागपूरलाही दाखवून आणलं होतं. लोहाऱ्याला तिचा भाऊ राहतो, त्याच्याकडे जातो असं पोरीला सांगून नवरा-बायको जाऊन आले होते.

‘डॉक्टर म्हने आता पसरलं,’ ती म्हणाली. ‘औषधी देते. पन म्हने उशीर झाला. मले दाखवाची लाज वाटे, मॅडम.’

मी खाली बसले.

‘लगन नाही ठरलं कोनाचं,’ ती म्हणाली. ‘तिच्या लगनापावतर मी राहत नाही. मंग तिले कोन शिकवीन? म्हनून आताच शिकवून ठेवाव म्हनलं.’

‘तांड्यावर बाकीच्या बाया हायेत न.’

‘हायेत. पन त्या त्याईचा शिकवतीन. माह्यावाला मले माह्या मायनं शिकवला. त्याच्यात तिच्या मायचं हाये. काही मी टाकलं. हे पोरगी आता टाकीन काही.’

मला शहाणपण सुचलं. शिकलेल्या माणसाला असल्या वेळी काहीतरी सुचतंच. मी पर्समधून फोन काढला. ‘ताई, यात भरून ठेवू. मी भरून देते. पोरगी कधीही ऐकीन.’

ती हसली. खरंच हसली. ‘फोनले गळा कुठं हाये, मॅडम? ढावलो एकटीनं होत नाही. गळ्यात हात टाकाव लागते. समोरची रडली का मंग पुढची ओळ येते.’

‘पण आत्ता म्हणत होता न तुम्ही?’

‘ते तर मी पाह्यत होती, याद हाये का नाही.’

मग तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता, तापाचा. ‘तिले नोका सांगू. तिले समजलं तर ते जाणार नाही. मले धरून बसन अन तिचं कॉलेज राहून जाईन. तुमाले माही आन हाये.’

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होते? ती मुलगी कशी आहे ते मलाही ठाऊक होतं. कळलं असतं तर तिनं नर्सिंगचं नाव टाकलं असतं आणि आईच्या खाटेशी बसली असती. आणि आई गेल्यावर तिचं काय झालं असतं, तेही मी आमच्या कॉलेजात बघत आले आहे. घर सांभाळायला कुणीतरी पाहिजे म्हणून मोठ्या मुलीची शाळा सुटते, आणि मग घर सांभाळतेच आहे तर लग्नच करून टाकू म्हणतात.

बाहेर आले तेव्हा ती मुलगी मैत्रिणीच्या ओट्यावर वाट बघत उभी होती. मी तिला सांगितलं, लग्न ठरलेलं नाही, मी विचारून आले. ती खुलली. मग मी म्हटलं, ‘आई शिकवते तर शिकून घे की. काय बिघडते? कधी न कधी लागनच.’

तिचा चेहराच बदलला. ‘तुमी बी त्याईच्याच बाजूनं झाल्या का?’

‘अगं, नुसतं शिकाचं तर हाये.’

‘नुसतं नसते मॅडम. एकदा सूर बाहेर ऐकू गेला का पाहुणे येते. तुमाले नाही माहीत आमच्याकडचं.’

तिचं खरंच होतं. ती माझ्यापेक्षा तिचा तांडा जास्त ओळखत होती. त्यानंतर आई शिकवायला बसली की ती पाठ करून बसायची, कानात बोटं घालायची, फोनवर गाणी मोठ्यानं लावायची. आई तिच्या पाठीमागं बसून म्हणत राहायची. हे तिनंच मला प्रयोगशाळेत येऊन सांगितलं, नक्कल करून, हसून. मी पण हसल्यासारखं केलं.

आणि पाहुणे आलेच. कुणीतरी कुठल्या तरी लग्नात बोललं असेल, अमक्याच्या घरून ढावलो ऐकू येतो. दिग्रसकडची माणसं होती, मुलगा पुण्याला कंपनीत कामाला. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, नाव ठेवायला जागा नव्हती. तिचे वडील दुसऱ्या दिवशी कॉलेजात आले. कधी न बोलणारा माणूस. प्रयोगशाळेच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले.

‘मॅडम, तुमी पोरीले समजावून सांगा.’

‘काय समजावू? तिचा नंबर लागीन आता.’

‘शिक्षण का पळून जाते?’ ते म्हणाले. ‘एवढं एक लगन पाहून घेऊ द्या न तिच्या मायले. ढावलो बी होऊन जाईन. मायलेकीचा होईन.’

एरवी असं बोलणाऱ्या बापाला मी प्रयोगशाळेतून हाकललंच असतं. आजवर कितीजणांना हाकललंय. या माणसाला मला काही म्हणता येईना. त्याला मुलीला अडवायचं नव्हतं. त्याला बायकोला एक लग्न दाखवायचं होतं, आणि तिच्यासाठी त्याच्याजवळ दुसरं काही उरलंही नव्हतं. मी म्हटलं, ‘दादा, ताईले विचारा. त्या म्हणतीन तसं करा.’ ते टोपी घालून गेले.

मला रात्रभर झोप आली नाही हे लिहिण्यात काही अर्थ नाही. खरं सांगायचं तर मला कळतच नव्हतं मी कशाची इच्छा करावी.

दोन-तीन दिवसांनी ती मुलगी धावत प्रयोगशाळेत आली. हातात कागदात गुंडाळलेला गूळ होता.

‘मॅडम, मायनं पाहुण्याईले नाही म्हनून सांगतलं! बापाशी भांडली. म्हने, छोरीले आधी शिकू दे. अन ढावलो बी बंद! म्हने, आता नाही शिकवत.’

‘बंद केला?’

‘हो न. म्हने सूर बाहेर जाते, लोकं येते, पोरीचं कॉलेज बुडते. मी जिंकली, मॅडम!’ तिनं गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला.

मी वळून बेसिनचा नळ सोडला आणि धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायला लागले. ती मागं टेबलावर चढून बसली होती, पाय हलवत होती, होस्टेलला न्यायच्या बॅगेबद्दल बोलत होती. मला तिला हलवून सांगावंसं वाटत होतं, जा, आत्ताच्या आत्ता घरी जा आणि आईच्या गळ्यात पड. मी नाही सांगितलं.

तिच्या आईनं बायकोचं, आईचं, तांड्यावरच्या बाईचं सगळं देणंघेणं एकीकडे ठेवलं आणि एकच गोष्ट निवडली, मुलीचं जाणं. तिच्याजवळ दोन इच्छा होत्या आणि एकीनं दुसरी मोडत होती, तर तिनं आपल्या हातानं ढावलो मोडला. या बाईनं कुठल्या गरुडाचं व्याख्यान ऐकलं नव्हतं. मी तेव्हा खूप रडले, बेसिनपाशी नाही, घरी जाऊन.

प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत दिवाळी उलटली, तेव्हा तिला नागपूरचं कॉलेज मिळालं. या मधल्या दिवसांत आई वाळत गेली. मुलगी तिला म्हणायची, माय, तुले पित्त हाये, तू वेळेवर जेवत नाही. गोळ्या आणून द्यायची. आई निमूटपणे त्या घ्यायची. पदर कधी ढळू द्यायची नाही, आंघोळीला मुलगी उठायच्या आत जायची. वडील काही बोलायचे नाहीत. एकाच खोलीत राहून ही तिघं हे कसं करत होती, देव जाणे.

ती नागपूरला निघाली त्या दिवशी मी फाट्यावर गेले होते. तांड्यावरच्या बायका सोडायला आल्या होत्या, दोन-चार म्हाताऱ्याही आल्या होत्या जुन्या पोशाखातल्या, आरसे लावलेल्या. तांड्यावरून एकटी पोरगी शिकायला इतक्या लांब जाते, हे त्यांनाही नवीन होतं. सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. शेवटी आईची पाळी आली. तिनं मुलीच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि मान तिच्या खांद्यावर ठेवली. मला वाटलं, आता सुटणार. बायकाही थांबल्या होत्या.

तिच्या तोंडून हूं की चूं आलं नाही. ती नुसती धरून उभी राहिली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, मी बाजूला होते म्हणून मला दिसत होते.

‘माय, रडत नाही का तू?’ मुलीनं थट्टेनं विचारलं.

‘कायले रडू वो? तू का सासरी चालली?’

सगळ्या हसल्या. बस आली, मुलगी चढली, खिडकीतून हात हलवला. बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर तिची आई तिथंच रस्त्याच्या कडेला बसली, आणि तिला उठवून घरी न्यायला दोघीजणी लागल्या.

थंडी सरत आली होती, शेतात शेवटच्या वेच्याचा कापूस उरला होता, तेव्हा ती गेली. मुलगी पोचली तेव्हा आईला बाहेर आणून ठेवलं होतं.

मी तिसऱ्या दिवशी गेले. आजूबाजूच्या तांड्यांवरून बायका येत होत्या. बंजाऱ्यांमध्ये मरणातही बायका भेटतात तशाच, गळ्यात हात टाकून, सुरात, शब्दांत. गेलेल्या बाईनं काय काय केलं, कुणाचं बाळंतपण काढलं, कुठल्या सालच्या दुष्काळात कुणाला भाकर दिली, असं सगळं त्या म्हणत असतात म्हणे. आणि जिच्या गळ्यात पडतात तिनंही त्याला तसंच उत्तर द्यायचं असतं. त्या एकेक येत होत्या, त्या मुलीच्या गळ्यात पडत होत्या आणि थांबत होत्या, तिच्यासाठी. तिला काही येत नव्हतं. ती नुसतं याडी, याडी म्हणत होती आणि आपण रडतो तसं रडत होती, हुंदके देत, नाक ओढत. शेवटी तिची काकी तिच्या मागं बसली आणि तिच्या वतीनं उत्तर द्यायला लागली. ती मुलगी दोघींच्या मध्ये मान खाली घालून बसली होती. मला ते बघवेना, मी बाहेर आले.

तिची परीक्षा होती, त्यामुळे तिला दिवस झाल्याबरोबर परत जायचं होतं. घरात पाहुणे होते, वडील उठू शकत नव्हते. मी तिला स्कूटीवर फाट्यापर्यंत आणलं. बसला उशीर होता. आम्ही दोघी टपरीच्या बाकावर बसलो. टपरी बंद होती.

‘मी नर्सिंग शिकून राह्यली,’ मग ती म्हणाली, ‘अन मले घरातलं दिसलं नाही.’

‘तिनं दिसू दिलं नाही.’

‘तुमाले माहीत होतं न?’

‘हो.’

‘कवापासून?’

‘उन्हाळ्यापासून.’

ती माझ्याकडे बघेल, ओरडेल, असं मला वाटलं. मी त्याला तयार होते. ती रस्त्याकडे बघत राहिली.

‘सांगतलं असतं तर मी गेली नसती,’ ती म्हणाली.

‘म्हणूनच तिनं मला आण घातली.’

‘पन शिकली असती.’

समोरून कापसानं भरलेली एक गाडी गेली. तिच्यातला कापूस उडून झुडपांना अडकला.

‘तुमी ऐकला होता न, मॅडम? त्या दिवशी तुमी घरी आल्या तवा माय म्हनत होती. बाजूच्या काकीनं सांगतलं, तुमी दारात उभ्या होत्या. काय म्हने ते?’

मी तांड्यावरच्या कित्येक पोरांना शहराची वाट दाखवली. त्यांना कुठली परीक्षा द्या, कुठला कागद जोडा, सगळं सांगितलं. त्यांच्या घरात जी भाषा बोलतात ती शिकावी असं मला एकदाही वाटलं नाही. मी तिला सांगितलं, मला शब्द कळले नाहीत, याडी तेवढं कळलं.

‘मंग चाल?’

‘चाल आठवते.’

‘म्हना न.’

माझा आवाज काही गाण्याचा नाही. वर्गावर ओरडून ओरडून तो फाटला आहे. तरी मी त्या बंद टपरीसमोर बसून, मान खाली घालून, आठवेल तसं गुणगुणायला लागले. वर चढत गेले.

‘असं नाही, मॅडम.’ तिनं मला थांबवलं. ‘तिथं खाली येते.’

आणि ती म्हणायला लागली. शब्द नव्हते, नुसता सूर. पण एकेक वळण बरोबर, आईचंच. पाठ करून बसायची, कानात बोटं घालायची, तरी सगळं तिच्यात जाऊन बसलं होतं. ती म्हणत गेली, मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मध्येच एका ठिकाणी ती थांबली. मला वाटलं रडू आलं.

‘याच्यापुढचं मायनं शिकवलंच नाही,’ ती म्हणाली. ‘इथंच बंद केला तिनं.’

लांबून बस येताना दिसली. तिनं बॅग उचलली आणि रस्त्यावर जाऊन हात दाखवला.